डाव्या हाताचं कबूतर

हॅलो?… हॅलो?… हो, मीच. रेबेकाबाई… नेवाशाच्या पोस्टातूनच बोलते… हो, पुण्याचा कॉल आहे म्हणून शिपाई घरी आला होता बोलवायला. द्या, जोडून द्या.

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल बाळा, नुसती खरखर येतेय…

फिलोमिना! अगं, तू होय! सलाम, सलाम… मी सगळ्या वाटेनं घाबरत आले. ट्रंक कॉल म्हटलं की वाईट बातमीच असणार असं वाटतं. सगळे बरे ना?… कृपादान?… आणि धाकटा?… बरं. बरं. मग ठीक.

नाही गं, दम लागलाय एवढंच. आपल्या ख्रिस्ती वस्तीपासून पोस्टापर्यंत चालत आले. शाळेतून निवृत्त झाले तशी पायांनीही निवृत्ती घेतली.

काय मिळालं?… कार्ड! मिळालं ना? चला. मला वाटलं, नाताळ सरून गेला, आता कुठलं पोचतंय… आवडलं? पोरांनी केलंय हं सगळं. मी हातसुद्धा लावला नाही. तुमच्या वेळेसारखंच. आठवतंय ना? तू तारा केला होतास, आणि बशीत उरलेला डिंक चाटून खाल्ला होतास. दोन दिवस तुझी आई मला बोल लावत होती…

अं?… काय गळतंय?

वाळू. हो, थोडी गळतेच गं. विसरलीस का सगळं? बाभळीचा डिंक रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा. कागदावर चित्राच्या आकारात लावायचा, वर वाळू भुरभुरवायची, आणि मग थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. मग कार्ड उलटं करून खालून टिचकी मारायची. डिंकानं धरलेली राहते, बाकीची गळते. पण पोरांना थांबवतं कुठं? डिंक ओला असतानाच टिचक्या सुरू. मग ती वाळू नंतर…

रोज?… रोज सकाळी? कपाटाखाली?… मग झाडून टाकायची, त्यात काय.

का? झाडून का टाकवत नाही?

ऐक, ऐक ना. त्यावर सोपा उपाय आहे. थोडी तांदळाची खळ कर, अगदी पाण्यासारखी पातळ. कापसाचा बोळा त्यात बुडवायचा, आणि पुसायचं नाही हं, वरून नुसता टेकवायचा. मग…

बरं. नाही सांगत. तू बोल.

रोज गळते आणि तरी कमी होत नाही… अगं, दोन-तीन थर असतात. वरचा गळतो, खालचा राहतो. आपल्या डोळ्यांना सारखंच दिसतं.

वास?… कसला वास?… ओला. नदीचा… फिलो, वाळू नदीचीच आहे, तिला वास काय गुलाबाचा येईल?… नाही गं, हसत नाही मी तुला. खरंच नाही. डिंक ओल धरतो. पुण्यात थंडी पडली असेल, पहाटे दंव पडत असेल… लावलेलं बोट ओलं होतं?… हं. तेही त्यानंच.

आप्पासाहेब, ते शिक्के जरा हळू मारता का? ऐकू येत नाहीये… पोस्टमास्तर आहेत गं. म्हणतात टपालाची गाडी यायची वेळ झाली. मारा मग, मारा, काय करता.

हां, बोल…

कुणी केलंय म्हणजे? वर्गातल्या कुणीतरी. वर्ग म्हणजे माझा ओटा गं. इथं दुष्काळी काम निघालंय, रस्त्याचं. आईबाप दिवसभर खडी फोडतात आणि पोरं उन्हात नुसती बसून असायची. मी म्हटलं, या माझ्याकडे. सुकडी खाऊन झाली की येतात. पाथर्डीकडची आहेत, शेवगावची आहेत, आपल्या वस्तीतलीही आहेत. एक कानिफनाथ म्हणून आहे, त्यानं गव्हाणीतलं गाढव हळदीनं पार पिवळं केलं. म्हटलं, अरे, पिवळं गाढव कुठं बघितलंस? तर म्हणतो, बाई, त्याची हळद चाललीया, उद्या लगीन हाय…

हो. हो, तुझ्या कार्डावर कबूतर आहे. माहीत आहे मला.

कसं काढलं? सांगते ना. डाव्या हाताचा पंजा डिंकात बुडवायचा आणि निळ्या कागदावर दाबायचा. वह्यांची जुनी कव्हरं होती माझ्याकडे. अंगठा म्हणजे कबुतराची मान, तळवा म्हणजे पोट, आणि चार बोटं म्हणजे पिसारा. मग उजव्या हातानं वाळू टाकायची. म्हणून तर डावा. उजवाच डिंकानं भरला तर वाळूत घालणार कुठला?… सगळ्यांनी डावाच. हो.

करंगळी…

कागद सरकला असेल दाबताना. लहान पोरं, बुळबुळीत डिंक.

फिलो, शांत हो. जरा श्वास घे.

मला आठवतं ना. मी कशी विसरेन? तुमच्याच घराच्या दाराच्या फटीत चेंगरली होती तिची करंगळी, आणि बांबूची कामटी मी बांधली होती. हाड वाकडं बसलं. वहीवर डावा हात ठेवून उजव्यानं लिहायची, तेव्हा बाकीची बोटं ओळीत आणि ही एकटी बाहेर बघत बसलेली… हो. तुझ्या सुवार्तेची तशीच होती. पण म्हणून…

आज?… आजच्या एसटीनं? बॅग भरून? आत्ता कुठून बोलतेस तू?… स्टँडजवळच्या पोस्टातून. कृपादानला सांगितलंस?… का नाही?

आणि येऊन काय करणार? एकेका पोरीचा हात धरून बघणार?… फिलो, श्रीरामपूरच्या बाजारात काय झालं ते आठव. सुवार्ताच समजून त्या पोरीचं मनगट धरलंस ते कुणाला सोडवेना. तिची आई ऊर बडवून ओरडत होती, भाजीवाले जमा झाले, कृपादाननं सगळ्यांपुढं हात जोडले. त्या पोरीनं पुढं कितीतरी दिवस बाजाराचं नाव घेतलं नाही… मी तुला टोचत नाहीये. इथली पोरं आधीच उपाशी, परक्या गावात आलेली. त्यांना नको गं तसं काही.

मान्य. सापडली नाही. नदीवर धुणं घेऊन गेली, डोहाच्या काठावर कपड्यांची बादली सापडली, ती नाही सापडली. सगळं मान्य… कुणीतरी उचलून नेली, वाढवली, आणि आता दुष्काळानं त्या माणसांना परत इकडे आणलं. असं वाटतं तुला… वाटेल, बाळा. सात वर्षं मनात धरलेलं असं कुठूनही वर येतं.

कृपादान मागतोय त्यात वाईट काय आहे? एक लाकडी क्रूस. आपल्या दफनभूमीत, तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी, तिच्या नावाचा. एवढंच मागतोय तो. तू हो म्हणत नाहीस म्हणून अडलंय. ज्या दिवशी क्रूस लागेल त्या दिवशी ती मेली असं तुला वाटतं, कळतं मला…

नाही, तो विसरलेला नाही. असं बोलू नये फिलो.

हो?… कोण, ऑपरेटर? हो, वाढवा, वाढवा. आणखी बोलायचंय.

हां. आहेस ना?… गोजरबाई, तुझं पत्र कुठं पळून जात नाही, बस जरा… ही गोजरबाई, आमच्या मागच्या गल्लीतली. लेकाचं पत्र आलंय पलटणीतून, वाचून घ्यायला माझ्या मागं मागं आलीये.

वाळू कुठली म्हणजे? नदीची… सांगितलं की, प्रवरेची… प्रवरेत कुठं म्हणजे?…

डोहाची. आसरांच्या डोहाची.

थांब. थांब, ओरडू नकोस. ऐक. यंदा तू नदी बघितली नाहीस. भंडारदऱ्याचं पाणी इकडे पोचलंच नाही. पात्रात जिथं बघावं तिथं पाण्यासाठी झिरे खणलेत, माणसं तिथंच, ढोरं तिथंच, सगळा शेणाचा राडा. तसली वाळू घ्यायची तर धुवायला हवी, आणि धुवायला पाणी कुठलं? प्यायला एक हंडा मिळेना. डोहात मात्र कुणी पाय ठेवत नाही, पाण्यातल्या देवींचं, साती आसरांचं ठाणं तिथं. म्हणून तेवढीच वाळू स्वच्छ राहिली. पोरांनीच शोधलं. बाई, तिथं वाळूचा ढीग हाय, चाळून ठेवलेला…

हो, आटला. पार तळ दिसला. मी इथंच जन्मले, वाढले, पण त्या डोहाचा तळ कधी बघितला नव्हता.

ही गोजरबाई म्हणाली होती मला. बाई, आसरांची वाळू घरात न्हाई आनायची. आनली तर जिथली तिथं टाकावी लागती, न्हाईतर ती आपली आपन माघारी जाती. मी म्हटलं, वाळूला काय पाय फुटतात?… हो गं गोजरबाई, तुझंच सांगतेय, मान हलवू नकोस नुसती.

अं?… नाही, नाही. रोज गळते म्हणजे माघारी निघालीये, असं नाही फिलो. मी उगीच सांगितलं तुला. बायकांच्या गोष्टी त्या.

चाळलेला ढीग. हो, म्हणाले मी तसं… कुणी चाळला?…

फिलो, कृपादान काही बोलला नाही तुला?… दिवाळीनंतर, एका रविवारी… ओव्हरटाइम आहे म्हणाला? कारखान्यात?… असं होय. मला तर म्हणाला होता, फिलोला मीच सांगेन.

ऐक आता. पोस्टातला माणूस घाई करत असेल तर त्याला म्हणावं थांब. नीट ऐक. डोह आटल्याचं मीच त्याला कळवलं. दोन ओळी फक्त. तर तो मिळेल त्या गाडीनं आला. दारात उभा राहून म्हणाला, बाई, तुमची धान्याची चाळण द्या. मी चाळण दिली, फावडं दिलं.

एकटा उतरला खाली. लोक गोळा झाले. आसरांच्या ठाण्याशी कुणी खणू देईना. तर हीच गोजरबाई पुढं झाली. म्हणाली, बाप हाय त्यो, खनू द्या त्याला. आधी स्वतः जाऊन हळदकुंकू वाहून आली, मग म्हणाली, आता खन रं बाबा.

दिवसभर, फिलो. एक फावडं खणायचं, चाळणीत ओतायचं, चाळायचं. वर उरेल ते हातात घेऊन उन्हात धरायचं. खडे, शिंपले, बांगड्यांच्या काचा. आसरांना वाहिलेल्या बांगड्या गं, हिरव्या. प्रत्येक काच पुसून बघत होता. मी भाकर नेली ती फडक्यात तशीच राहिली. त्याच्या बाजूला वाळूचा ढीग वाढत चालला, आणि तो त्या ढिगामागं दिसेनासा झाला. नुसता चाळणीचा आवाज येत होता. खस्स, खस्स.

नाही.

नाही, काही नाही सापडलं. काय सापडणार? किती पूर गेले त्यावरून. प्रवरासंगम काय लांब आहे? तिथून पुढं गोदावरी…

दिवस मावळताना वर आला. चाळण धुवायला पाणी नव्हतं, तर अंगातल्या सदऱ्यानं पुसून माझ्या हातात दिली. म्हणाला, बाई, फिलोला समजवा. क्रूस लावू द्या मला आता… मी म्हटलं, ती ज्या दिवशी हो म्हणेल त्या दिवशी.

हॅलो?… ऐकतेस ना?

हो. तीच वाळू. त्याच ढिगातली. पोरांना काय ठाऊक? घमेलं भरून घेऊन आली. मी हात घातला आणि मला कळलं. चाळणीतून गेलेली वाळू हाताला वेगळी लागते, रव्यासारखी… परत टाकून या, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण पोरं बोटं डिंकात बुडवून बसलेली, माझ्या तोंडाकडे बघत. आणि खरं सांगू? मला वाटलं, एका बापानं दिवसभर उन्हात बसून चाळलीये. तिच्यातून पोरांच्या हातून काहीतरी होऊ दे. नुसती पडून कशाला राहायची?

तू त्याला काय काय बोललीस ते नको आठवूस आता. त्याला सवय आहे. तुझ्या बोलण्याचं त्याला काही वाटत नाही, तुझ्या न बोलण्याचं वाटतं.

हं… हं… तरी तो हात कुणाचा.

बरोबर. तू तेच विचारणार.

कार्ड आहे का जवळ?… बॅगेत. काढ. काढ बाहेर, समोर ठेव… फळीवर ठेव की तिथं. लोक बघतील तर बघू देत… ठेवलंस?

आता मी सांगते तसं करायचं. लहानपणी करायचीस तसं. घाई नाही. डावा हात घे पुढं. बांगड्या वर सार… कशाला ते मग सांगते. हात कार्डावर आण. दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. मनगटावर मनगट येऊ दे, अंगठ्यावर अंगठा. ठेवलास?

थंड लागतं?… लागू दे. हात काढू नकोस.

आता बघ. तुझं मधलं बोट कुठवर जातं?… कार्डाच्या कडेपर्यंत. आणि खालचं, वाळूचं?… बोल ना… तुझ्या दुसऱ्या पेराशी संपतं. तर्जनी?… तीही तिथंच. आणि तळवा? तुझ्या तळव्याखाली दिसतो का?… दिसत नाही. झाकला गेला सगळा.

मग केवढ्या पोराचा हात आहे हा?… मला नको सांगूस. तू बघ. धाकट्याचा हात रोज धुतेस ना तू? त्याच्याएवढा आहे की मोठा?… किंचित मोठा. तो किती वर्षांचा?… सातवं सरत आलं. मग हा हात आठचा. हो ना?… हो.

आता हे सांग. सुवार्ता आज असती तर केवढी असती?

फिलो…

सांग. तू रोज मोजतेस, मला काय ठाऊक नाही?… पंधरा. पंधरा पूर्ण. नववी-दहावीत असती. कृपादानच्या वळणाची पोर, तुझ्या डोक्याच्या वर गेली असती. तुझी चप्पल तिला झाली नसती. हात केवढा असता तिचा?… तुझ्याएवढा. तुझ्याहून लांब बोटं. हो, आमच्या लक्षात आहेत ती बोटं. पेटी शिकवायची होती तिला.

मग अशी एखादी पोर खरंच कामावर आलेली असेल, वाकड्या करंगळीची, आठ वर्षांची, तर ती दुसऱ्या कुणाची आहे बाळा. सात वर्षांपूर्वी ती पाळण्यात होती. तिला तिची आई आहे. तिचं मनगट आपण नाही धरायचं.

आणि हा हात जर तिचाच असेल…

मी नाही म्हणत. तू म्हणतेस. तू आई आहेस, तुला मी खोटं पाडणार नाही. तिचाच असेल, तर तो वाढलेला नाही, फिलो. सात वर्षांत नखभरसुद्धा नाही. तू तिचे कपडे शिवताना दर वर्षी बाही थोडी थोडी लांब धरत आलीस. शिवतेस ना अजून? कृपादाननं सांगितलंय मला. ट्रंकेत ठेवतेस… ह्या हाताला ती बाही नाही व्हायची. ह्या हाताला तिचा जुनाच झगा होईल. जो घालून ती नदीवर गेली होती.

हॅलो?

हॅलो?… आप्पासाहेब, थांबा, थांबा, शिक्का नका मारू… नाही, लाइन आहे. श्वास ऐकू येतोय.

मी आहे हं. मी कुठं जात नाही.

काय म्हणालीस?… पुन्हा बोल, हळू बोललीस…

खरं सांगू? हो. तू विचारलंस तर खरंच सांगायला हवं.

मी बघितली होती ती करंगळी. ओट्यावर दोरी बांधून कार्डं वाळत घातली होती, बाभळीच्या काट्यांनी टोचून. संध्याकाळी काढायला गेले तर हे दिसलं. पिसाऱ्याचं शेवटचं पीस वाकडं. मीही स्वतःला सांगितलं, कागद सरकला. मग दुसऱ्या दिवशी पोरांना रांगेत उभं केलं. म्हटलं, चला, नखं बघायचीत, हात पुढं… नखं नावाला. मी करंगळ्या बघितल्या. एकेक हातात घेऊन.

नाही.

एकाचीही नाही. काळ्या, फुटलेल्या, डिंकानं चिकट, पण सगळ्या सरळ.

बाहेरचं कुणी?… नाही आलं. मी दारातच बसलेली असते.

आणि ते तुला पाठवायचंही नव्हतं मला. बाजूला काढलं होतं. कपाटाच्या वर ठेवलं, त्यावर बायबल ठेवलं. तुझ्यासाठी कानिफनाथचं ते पिवळं गाढव काढलं होतं, म्हटलं, फिलो हसेल. पत्ते मी लिहिले, पाकिटं पोरांनी भरली. गाढव गेलं संगमनेरच्या पाळकांना. त्यांचं पत्रही आलं, फार आवडलं म्हणून… हो ना. आणि हे तुला आलं. त्या कपाटावर कुठल्याच पोराचा हात पोचत नाही. माझाच पोचतो, तोही स्टुलावर चढून.

नको विचारूस. मला ह्याच्या पुढं येत नाही, बाळा. जेवढं येत होतं तेवढं शिकवलं.

भीती?… वाटली. पहिल्या दिवशी फार वाटली. ओट्यावर दिवा लावूनच ठेवला होता. आता नाही वाटत. आठ वर्षांच्या पोरीची कसली भीती? माझ्याच वर्गातली ती. बाकीची पोरं कार्डं करत बसलीत, तर हिलाही बसावंसं वाटलं असेल…

फिलो?… फिलो…

हो?… ऑपरेटर?… नाही, तोडू नका. लाइन तोडू नका… चालू आहे बोलणं… ती बोलत नाहीये, रडतेय. ऐकू येतंय ना तुम्हाला? सात वर्षांत पहिल्यांदा रडतेय ती. वाढवा. मुकाट्यानं वाढवा… तुमचे उपकार होतील.

रड बाळा. रड… लोक बघतात? बघू देत. पोस्टात कुणी कधी रडलं नाही का? सगळ्या बातम्या आधी इथंच तर येतात…

हो…

हो गं… हो…

मला ऐकू येतंय सगळं. बोलायची घाई नाही.

पाणी दिलं कुणी?… बरं माणूस दिसतंय. पी थोडं… हं.

हात काढ आता कार्डावरून. बघ, वाळू लागली असेल तळव्याला. लागू दे… नाही, पुसू नकोस म्हणतेय मी का? तुला वाटेल ते कर.

एसटी?… नको, आज नको येऊस. घरी जा. कृपादान कामावरून आला की त्याला जेवायला वाढ, आणि मग विचार, डोहात तू काय काय बघितलंस. तेवढंच विचार. तो सांगेल. तोही कुणाला बोललेला नाही… मग रविवारी या दोघं. धाकट्यालाही आणा. त्याला बहीण होती हे त्याला कुणी सांगितलंय का?… मग सांग.

गोजरबाई?… ही बघ, रडतेय इथं. काय गं?… म्हणतेय, तिला म्हनावं, आमीबी येऊ. हो, ये की. दफनभूमीला काय दार आहे?

पाळकांना मी सांगते. उपासना झाली की सगळे तिकडे जाऊ. सहादेव सुताराला आजच लाकूड बघायला सांगते. कृपादाननं आधीच बोलून ठेवलंय त्याच्याशी, तू हो म्हणायची वाट बघत होता नुसता… हो म्हणालीस ना?… एकदा तोंडानं म्हण… बरं. ऐकलं मी.

माप?… कृपादाननं कमरेच्या वर सांगितलं होतं, मोठ्या माणसांचे असतात तसा. का?…

हो.

हो, मलाही तेच वाटत होतं. लहानच करू. लांबून दिसायचा कशाला? आठ वर्षांच्या पोरीला उभ्यानं वाचता येईल, एवढ्या उंचीवर नाव… हो. मी स्वतः उभी राहून करून घेते.

तू ठेव आधी… नाही, तू ठेव… बरं, मी ठेवते. ठेवते हं.